झाकण अपारदर्शक दाखवावे

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे मी आधीच सांगून मोकळा होतो. ठेवूही नये, मीसुद्धा ठेवला नसता. पण माझ्या आयुष्यात काही दिवस असे गेले, की ज्यातून आरपार दिसतं असं साऱ्या जगाचं म्हणणं आहे, त्यातून मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. काच म्हणा, प्लास्टिक म्हणा, पेल्यातलं पाणी म्हणा. बाकी सगळं ठणठणीत. भिंत दिसायची, भिंतीला गेलेला तडा दिसायचा, तड्यातून फिरणारी मुंगी दिसायची. फक्त भिंतीतली खिडकी म्हणजे चुना फासलेली फळी, आणि पेल्यात पाणी ओतलं की पेल्याला तळच नाही. आमच्या समोर एक दंतवैद्य राहतात. संध्याकाळी दवाखाना बंद करून ते माझ्याकडे चहाला येतात, कारण दिवसभर लोकांची तोंडं उघडी ठेवून त्यांना बोलू न देणाऱ्या माणसाला संध्याकाळी कोणाचं तरी ऐकावंसं वाटत असणार. मी त्यांना दातवाले म्हणतो. परवा त्यांना हे सांगायला बसलो, तर पहिल्याच घोटाला म्हणाले, "मोतीबिंदू असणार." म्हटलं, "मोतीबिंदूत मुंगी दिसते का? तुम्ही आपलं दातांपुरतं बोला." मग थोडा विचार करून म्हणाले, "पण तुमचं काम तर कॉम्प्युटरवर. त्याचा पडदा कसा दिसायचा?" प्रश्न चांगला होता. "पडद्यातून कोण बघतं?" मी म्हटलं, "पडद्यावर बघतात." ते चहात बिस्कीट बुडवू लागले. असा ऐकणारा मिळायला भाग्य लागतं.

तेव्हा मी ड्राफ्ट्समन होतो. आमचा कारखाना दवाखान्यांना लागणाऱ्या वस्तू करायचा. खाटा, सलाइनचे स्टँड, चाकाच्या खुर्च्या, आणि दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांना ठेवायची काचेची पेटी. नाव काचेची पेटी, पण काच तिच्यात औषधालाही नाही; झाकण ॲक्रिलिकचं. ती पेटी माझ्याकडे होती. खाली हवा गरम करणारा भाग, शेजारी हवेत ओलावा राहावा म्हणून पाण्याचं तबक, वर गादी, गादीवर झाकण, आणि झाकणाला दोन्ही बाजूंनी गोल दारं, सिस्टरला हात आत घालता यावेत म्हणून. मापाचा अंदाज यावा यासाठी गादीवर मी एक बाळ ठेवलं होतं. कॉम्प्युटरमध्ये तयार पुतळे मिळतात, त्यातलाच एक लहान करून घेतलेला. डोकं, धड, चार काड्या, चेहरा नाही. आम्ही त्याला पाहुणा म्हणायचो. कॉम्प्युटरमधली वस्तू पारदर्शक करायला एक पट्टी असते. माउसने ती हळूहळू सरकवली की झाकण आधी दुधासारखं, मग पाणी घातलेल्या दुधासारखं, मग नुसत्या वाफेसारखं होत जातं आणि आतला पाहुणा वर येतो, तळ्यात बुडी मारलेला माणूस वर यावा तसा. ती पट्टी मी दिवसातून कितीदा तरी उगाच पुढेमागे करायचो. बायकोला तेव्हा दिवस गेलेले होते. घरी गेलो की विचारायची, "आज काय काढलंत?" मी म्हणायचो, "पाहुणा." ती पोटावर हात ठेवून म्हणायची, "मग याही पाहुण्याचं माप घेऊन ठेवा. लाथा बघता मोठी पेटी लागेल."

आणि अशात आमची ड्रॉइंगं तपासायला नव्या तपासनीस बाई आल्या. आधीचे तपासनीस निवृत्त होईपर्यंत कोणाच्याच भानगडीत पडले नव्हते. मी झाकणाच्या आतली गादी, तबक, पाहुणा सगळं ठसठशीत रेषांनी काढायचो आणि ते सही करायचे. या बाईंनी पहिल्याच दिवशी माझं ड्रॉइंग परत पाठवलं. वर लाल शेरा: 'झाकण अपारदर्शक दाखवावे.' आम्ही त्यांना लालपेन म्हणू लागलो, अर्थात पाठीमागे. मी त्यांच्या टेबलाशी गेलो. "बाई, झाकण आरपार आहे." "आहे ना. मग?" "मग आतलं दिसणार." "तुमच्या डोळ्याला दिसणार, कागदाला नाही." त्यांनी पेनाचं टोक माझ्या पाहुण्याच्या पोटावर टेकवलं. "ही झाकणाची कड. ही गादीची. ही तबकाची. सगळ्या सारख्याच जाड. मिस्त्रीने माप कुठून धरायचं? वस्तू काचेची असो नाहीतर लोखंडाची, कागदावर ती भरीव. तिच्यामागचं सगळं तुटक रेषेत. नियम आहे तो, काही माझ्या माहेरून आणलेला नाही." नियम खरा होता. मलाही शिकवलेला होता, पण शिकवलेलं सगळंच पाळायचं म्हटलं तर माणसाने जगावं कधी? मी जागेवर आलो. पारदर्शक भागांमागचं दाखवायचं की नाही, अशी एक चौकट असते, तिच्यातली खूण काढली. गादीच्या कडा तुटल्या. तबक तुटलं. पाहुण्याचं डोकं म्हणजे नुसती डॅशांची माळ झाली. बाई मागे येऊन उभ्या होत्या. "गर्दी होतेय," त्या म्हणाल्या. "आतल्यासाठी वेगळा छेद काढलाय ना? मग या तुटक रेषा इथून काढूनच टाका." मी बटण दाबलं आणि पाहुणा गेला. नुसतं झाकण उरलं, कोरं, चहूबाजूंनी जाड रेघ. मी त्याच्याकडे बघत असतानाच फोन वाजला. बायको शिवणकामाच्या शाळेत शिकवायची. तिथल्या मावशी बोलत होत्या. "साहेब, बाईंना दवाखान्यात नेलंय. घाबरू नका, पण लवकर या." मी ड्रॉइंग होतं तसंच पुढे ढकललं, उठलो, आणि ऑफिसच्या काचेच्या दारावर धाडकन आपटलो. रोजचं दार. त्याच्यापलीकडे रोज जिना असायचा, जिन्यात कुंडी असायची. आता तिथे पांढरी फळी होती, भोवती जाड रेघ, आणि कोपऱ्यात तीन तिरप्या रेघोट्या, काच ओळखू यावी म्हणून आम्ही मारतो तशा. मी ती फळी दोन्ही हातांनी चाचपत राहिलो. मागून लालपेन बाई म्हणाल्या, "अहो, ओढा. ढकलताय काय!"

वाटेत रिक्षाला पुढची काच होती की नव्हती मला माहीत नाही. होती, असं धरून चालणं बरं, कारण रिक्षावाला तिच्यातून बघत होता. दवाखान्यात पोचलो तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. मुलगी झाली होती, फार लवकर झाली होती, आणि पोट फाडून काढावी लागली होती. बायको खालच्या मजल्यावर, मुलगी वरच्या. बायकोला ताप भरलेला, म्हणून तिला वर जायची परवानगी नाही. आणि मुलीला तर पेटीबाहेर काढायचीच नाही. मधल्या जिन्यात मी. वर माझे बूट काढून घेतले, हात कोपरापर्यंत धुवायला लावले, हिरवा झगा घातला आणि एका सिस्टरने मला एका पेटीपुढे नेऊन उभं केलं. पेटी आमचीच होती. जुनं मॉडेल, पण कडी मी काढलेली. तिच्या वळणावर मी एक अख्खा आठवडा घालवला होता. इतक्या ओळखीची कडी बघून मला बरं वाटलं, आणि तिच्यावर नजर ठेवून मी ती वर नेली, तर वर ते झाकण. भरीव. कोपऱ्यात तीन तिरप्या रेघोट्या. बाकी काही नाही. "बघा, बाबा आले," सिस्टर त्या फळीला म्हणाली. मग मला म्हणाली, "कोणासारखी आहे हो?" झाकणासारखी, असं अगदी जिभेवर आलं होतं. "आमच्यासारखीच," मी म्हटलं. "असं कसं!" सिस्टर हसली. "बापाला मेलं काही कळत नाही." मी मान हलवली. झाकणाखालून कसलासा बारीक आवाज येत होता, पंख्याचा असेल, ओलाव्याचा असेल, किंवा दुसऱ्या कशाचा. मी पंख्याचाच धरला. पंखा मला माहीत होता.

खाली बायको डोळे सताड उघडे ठेवून पडली होती. "कशी आहे?" तिने विचारलं. तिचा आवाज एखाद्या दाराच्या फटीतून यावा तसा येत होता. तिच्या कपाळावर घाम होता आणि खाटेच्या उशाला तिचा ताप लिहिलेला तक्ता लटकत होता, तो मी वाचला नाही. "जांभई दिली," मी म्हटलं. मी हे का म्हटलं, मला अजून सांगता येत नाही. तोंड उघडलं आणि जांभई बाहेर पडली. "खरंच? एवढीशी जांभई?" "एवढीशी कुठली! मी ऑफिसात देतो तेवढी." बायकोला हसू आलं, टाके ओढले गेले, ती "आई गं" म्हणाली आणि तरी हसत राहिली. तिथून सुरू झालं. दुसऱ्या दिवशी तिने नाक विचारलं. म्हटलं, "तुझ्या भावाचं." "अरे देवा!" "पण शोभतं तिला." तिसऱ्या दिवशी केस. म्हटलं, कुरळे. मग मुलीने सिस्टरकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या. मग तिने पाय झाडून मोजा उडवला आणि तो शेजारच्या पेटीपाशी उभ्या आजोबांच्या खांद्यावर पडला. "आजोबांना आत सोडतात?" बायको म्हणाली. "सोडत नाहीत, म्हणून तर मोजा पडला," मी म्हटलं, "नाहीतर कशाला पडेल?" तिला हे पटल्यासारखं वाटलं. तिचा ताप उतरायला लागला. डॉक्टर म्हणाल्या, औषध लागू पडतंय. मी म्हटलं, असेल. रोज वर जायचो, झाकणापुढे उभा राहायचो, कडीला ओळख द्यायचो, खाली यायचो, आणि जिन्याच्या वळणावर येईपर्यंत मुलीने काहीतरी नवीन केलेलं असायचं. पण खरंखोटं माझ्याच डोक्यात इतकं कालवलं गेलं होतं, की एखाद्या दिवशी वर उभा असताना मी मोजा कुठे दिसतो का म्हणून जमिनीवर शोधायचो.

घरी तर त्याहून गोंधळ. आमच्या स्वयंपाकघरात सगळं काचेच्या बरण्यांत. बायकोची हौस, आतलं दिसावं, म्हणजे संपलं की कळतं. आता फळीवर नुसत्या पांढऱ्या ठोकळ्यांची रांग. मी एकेक बरणी कानाशी धरून हलवायचो. तांदूळ कळायचे, त्यांचा आवाज पावसासारखा. पण साखर आणि मीठ सारखंच बोलतात. दोनदा मी मिठाचा चहा प्यायलो. पहिल्यांदा थुंकला, दुसऱ्यांदा सगळा प्यायलो, कारण टाकून नवा करायचा तर पुन्हा बरणी उघडायला लागणार. हे लक्षात घ्या. झाकण काढलं की कळतंच, साधी गोष्ट आहे. पण मी ते काढत नसे. का नसे? खिडकी बाहेर उघडली असती तर ऊन दिसलं असतं. ती मी बंद ठेवली. बायकोची उशी होती तशी राहिली होती, मध्ये खळगा. मी त्या खळग्याकडे बघत पडायचो. खळगा अपारदर्शक असतो, त्याच्यामागे काही नसतं, त्यामुळे त्याच्याकडे बघायला हरकत नव्हती.

माझी आई मी लहान असताना संसर्गाच्या वॉर्डात गेली. मुलांना तिथे आत सोडत नसत. वडील मला बाहेरच्या बाजूने, सांडपाण्याच्या चिखलातून, तिच्या खिडकीशी न्यायचे आणि बगलेत धरून वर उचलायचे. "हात हलव," म्हणायचे. मी हलवायचो, आणि काचेपलीकडे कोणीतरी हात हलवायचं. वडिलांच्या हातांना तंबाखूचा वास यायचा, माझ्या बरगड्यांना त्यांचे अंगठे रुतायचे, आणि मी खाली उतरवेपर्यंत हात हलवत राहायचो. एका सकाळी त्यांनी मला चिखलापर्यंत नेलं, आणि उचललंच नाही. "आज नको," म्हणाले. पुढे कितीतरी वर्षांनी एका बुटांच्या दुकानापुढे उभा असताना मला उमगलं, की बाहेर ऊन आणि आत अंधार असला की काचेत आपण आपल्यालाच दिसतो. म्हणजे तिथे हात कोण हलवत होतं? हे मी दुकानासमोर उभा राहून इतका वेळ ठरवत होतो, की आतला माणूस बाहेर आला आणि "कुठला नंबर?" म्हणाला. वडिलांना विचारायचं राहून गेलं. हे मध्येच इथे का आलं कोण जाणे. दातवाल्यांना यातलं काही मी सांगितलं नाही. त्यांना बरण्यांचं सांगितलं, ते पोट धरून हसले.

मुलगी वर पेटीत होती, त्याच आठवड्यात कारखान्यातून मिस्त्रींचा निरोप आला: नव्या पेटीचं नमुन्याचं झाकण तयार आहे, बघायला या. मी वर्कशॉपमध्ये गेलो, तर सगळे टेबलाभोवती उभे, कोणी कोणाकडे बघत नाही. टेबलावर झाकण होतं. पत्र्याचं. काय काम केलं होतं! कोपरे गोल, सांधे घासून नितळ केलेले, वर रुग्णालयाचा तो फिकट निळा रंग. गोल दारंसुद्धा पत्र्याची. "मिस्त्री, हे काय?" मी म्हटलं. "झाकण." "यातून दिसणार कसं?" "ते मला काय माहीत?" मिस्त्रींनी माझंच ड्रॉइंग माझ्यापुढे धरलं. "झाकण भरीव आहे का नाही? आतलं काही दिसतंय का? मालाच्या रकान्यात काय लिहिलंय? काही नाही. मग मी काय, काचेचं स्वप्न बघू? हाताशी पत्रा होता, पत्र्याचं केलं." रकाना कोरा कसा राहिला हे विचारू नका; माणूस फोन आल्यावर रकाने भरत बसत नाही. लालपेन बाई आल्या. त्यांनी झाकण पाहिलं, ड्रॉइंग पाहिलं, मला पाहिलं. मला वाटलं, आता लाल शाई उडणार. पण त्यांनी पत्र्यावर बोटाने टिचकी मारली आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "सिस्टरने बाळ बघायचं कसं मग?" "झाकण उघडून," मिस्त्री म्हणाले, "नाहीतर त्या दारातून हात घालून. हाताला कळतं की, बाळ आहे का नाही ते. मी काय इंजिनाच्या पोटात डोळे घालून बोल्ट काढतो?" सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. मीही नाही, मला ते झाकण आणि दवाखान्यातलं झाकण यांच्यात काडीचाही फरक दिसत नव्हता, आणि हे इथे कोणाला सांगायचं? बाईंनी मला बाजूला घेतलं. "तुमची मुलगी कशी आहे?" "जांभया देते," मी म्हटलं. त्या माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. "आज लवकर निघा," म्हणाल्या. "हे मी निस्तरते."

म्हणून त्या दिवशी मी दुपारीच दवाखान्यात पोचलो, आणि वरच्या मजल्यावर झगा घालून आत जाणार, तोच मुलांच्या डॉक्टरांनी मला व्हरांड्यात गाठलं. त्यांनी मला भिंतीकडे घेतलं. काल सकाळपासून मुलीला लघवी झालेली नाही, ते म्हणाले. अंगावर सूज आहे. औषध दिलंय, संध्याकाळपर्यंत वाट बघू. तोवर झाली तर ठीक. "नाही झाली तर?" त्यांनी चष्मा पुसला. "आईला जरा कल्पना देऊन ठेवा," ते म्हणाले. कल्पना देऊन ठेवा! मी तर रोज कल्पनाच देत होतो. मी जिना उतरलो. वळणावर थांबलो. रोज तिथे मुलगी काहीतरी करायची. आज काही केलं नाही तिने. मी पुन्हा दोन पायऱ्या वर गेलो आणि पुन्हा वळणावर आलो, तरी काही नाही. बायको आता उशीला टेकून बसलेली होती, केस विंचरलेले. उद्या तिला चाकाच्या खुर्चीतून वर नेणार होते, तेही आमच्याच कारखान्याच्या. "आज काय केलं तिने?" "आज..." मी म्हटलं. "थांबा," ती म्हणाली. "आज गोष्ट नको. नुसतं सांगा ती दिसते कशी. रंग कसा आहे?" मी खाटेचा पाय बघितला. चाकाला कुलूप होतं, ते नीट लागलेलं होतं. "हाताची नखं आलीत का? सिस्टर म्हणाली, लवकरच्या मुलांना नखं नसतात. तुम्ही कधी नखांचं बोलला नाहीत." "बघून येतो," मी म्हटलं. बायकोच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थांबलं. "म्हणजे आत्ता तुम्ही वरून बघून आला नाहीत?" "पुन्हा बघून येतो," मी म्हटलं. "नीट बघून येतो." माझ्या झग्याची सुटलेली गाठ तिने बसल्या बसल्या बांधून दिली.

वर सिस्टर मुलीचं काहीतरी बदलायच्या तयारीत होती. जुना कापूस काढून नवा घ्यायला ती ट्रॉलीकडे वळली होती. पेटीचं झाकण माझ्यापुढे. पांढरं, भरीव, कोपऱ्यात तीन रेघोट्या. "हात घालू का?" मी विचारलं. "धुतलेत ना? घाला की, इतके दिवस नुसते उभेच राहता," सिस्टर पाठ न वळवता म्हणाली. गोल दार मला बघावं लागलं नाही. त्याचा खटका कुठे दाबायचा, ते किती उघडतं, आतल्या रबरी गळपट्टीची कड मनगटाला कुठे लागते, हे सगळं मी काढलेलं होतं. गळपट्टी मात्र मी काढली त्यापेक्षा मऊ होती. आत हवा उबदार, जरा ओली, बरोबर जशी असायला हवी तशी. मग एक नळी. मग चिकटपट्टीची कड. मग बोटांना काहीतरी लागलं, ते मी कधीही काढलेलं नव्हतं. फणीचे दात असतात तशा बरगड्या, त्यावर ओल्या कागदासारखी कातडी, आणि त्याखाली एक घाई. एवढ्याशा जागेत इतकी घाई मी कुठल्याच यंत्रात पाहिली नव्हती. मला हात काढावासा वाटला आणि निघेना. आणि त्याच क्षणी माझ्या मनगटावर कढत पाणी आलं. धार. मनगटावरून कोपराकडे, झग्याच्या बाहीत. माझ्या मनात काय आलं असेल सांगा! तबकाचा सांधा. तो सांधा गळणार हे मी आधीच्या तपासनिसांना तोंडावर सांगितलं होतं. "सांधा गळतोय!" मी ओरडलो. "पेटी बंद करा! तबकाचा सांधा गळतोय!" सिस्टर कापूस टाकून धावत आली, आत बघितलं, माझी बाही बघितली, आणि माझ्या पाठीत एक गुद्दा घातला. "अहो सांधा कसला! मुलीने केली! डॉक्टर! डॉक्टर, हिने केली हो!" व्हरांड्यातून डॉक्टर अक्षरशः पळत आले. इतकी माणसं एका माणसाच्या लघवीने इतकी आनंदलेली मी पुन्हा कधी पाहिली नाहीत.

आणि तेव्हा, असं मी दातवाल्यांना सांगत होतो, अगदी तेव्हा ते झाकण निवळलं. माझ्या कोपरापासून सुरुवात झाली. आरशावरची वाफ बोटाने पुसावी तसा आधी एक पट्टा, मग तो रुंदावत गेला, रेघोट्या विरघळल्या, जाड कडा बारीक झाल्या, आणि मला मुलगी दिसली. कुरळे केस नव्हते. केसच नव्हते, नुसती लव, तीही खांद्यांवर. रंग विटकरी. डोळ्यांवर कापडाची पट्टी. सूज कालच्यापेक्षा थोडी उतरलेली, पण पावलं अजून फुगीर. नाक भावाचं नव्हतं, माझंच होतं, बिचारी. आणि नखं होती, पातळ, कांद्याच्या पापुद्र्यासारखी, पण सगळीच्या सगळी होती. मी खाली धावलो, जिन्याच्या वळणावर थांबलोही नाही, आणि बायकोला आधी नखांचं सांगितलं. दातवाल्यांचे डोळे पाणावले होते. "कमाल आहे," ते म्हणाले. "म्हणजे स्पर्शानेच दृष्टी परत आली!" "एका क्षणात," मी म्हटलं. "काच, प्लास्टिक, पाणी, सगळं एका क्षणात मोकळं."

"बाबा," दारातून आवाज आला. मुलगी कामावरून आली होती आणि एका पायातली चप्पल काढून, दुसरी तशीच पायात ठेवून, कधीपासून उभी होती मला माहीत नाही. ही गोष्ट तिने लहानपणापासून ऐकलेली आहे. मोज्याच्या वेळेला ती अजून हसते. आत्ता हसत नव्हती.

"आरपारचं सगळंच बंद झालं होतं?" तिने विचारलं.

"सगळंच," मी म्हटलं. "पेल्याचा तळसुद्धा."

"आणि चष्मा?"

"कुठला चष्मा?"

"तुझा. तू शाळेत असल्यापासून लावतोस तो. बाटलीच्या बुडाएवढा जाड. तो काढला तर तुला समोरचं ताट दिसत नाही, बाबा. तो काय मिस्त्रींनी पत्र्याचा करून दिला होता?" दातवाले कप तोंडाशी धरून खो खो हसायला लागले, आणि तिच्याकडे बघून मध्येच थांबले. तिने दुसरी चप्पल काढली नाही.

"मी दिसत होते तुला," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून दिसत होते."